टर्कीचा खिमा, भाज्या आणि क्रीम : एकाच तव्यात अर्ध्या तासात होणारे रात्रीचे जेवण

बिडाचा_तवा (मिनिआपोलिस)

गेली अकरा वर्षे आम्ही मिनेसोटात राहतो. अमेरिकेत सर्वांत जास्त टर्की पाळणारे हे राज्य असल्यामुळे इथल्या साध्या किराणा दुकानातही टर्कीचा खिमा बाराही महिने मिळतो, आणि गोमांस न खाणाऱ्या आमच्यासारख्या घरांत कामावरून येताना सहज उचलता येईल असा खिमा म्हणजे तोच. बकऱ्याचा खिमा मिळतो, पण त्यासाठी शनिवारी वेगळी फेरी करावी लागते.

तरीही पहिली दोन-तीन वर्षे हा खिमा आमच्या घरी कोणालाच रुचत नव्हता. दिसायला पांढुरका, तव्यात पाणी सुटलेला आणि खाताना मात्र कोरडा, असाच तो दर वेळी होई. पुष्कळ दिवसांनी माझ्या लक्षात आले की मी त्याला बकऱ्याच्या खिम्यासारखे शिजवत होतो : कांदा-टोमॅटोत घालायचा, सतत ढवळायचा आणि झाकण ठेवून मंद आचेवर अर्धा तास सोडून द्यायचा. बकऱ्याच्या मांसात चरबी आणि चिवट तंतू असतात, जे सावकाश शिजवल्यावर विरघळून रस्सा मुरवतात. टर्कीत ते फारसे नसते, आणि तिच्यातला ओलावा एकदा पिळून निघाला की कितीही शिजवले तरी परत येत नाही. तिला थोडा वेळ भरपूर आच हवी, आणि उणीव असलेली स्निग्धता नंतर बाहेरून द्यायला हवी. क्रीम घालण्याचे खरे कारण हे आहे.

चार माणसांसाठी मी 93 टक्के मांस आणि 7 टक्के चरबी असे लिहिलेले एक पौंडाचे, म्हणजे साधारण 450 ग्रॅमचे पाकीट घेतो. 99 टक्क्यांचे पाकीट केवळ छातीच्या मांसाचे असते आणि या पदार्थासाठी ते फार कोरडे पडते. बाकी साहित्य असे : एक मध्यम कांदा, चार लसणीच्या पाकळ्या, 225 ग्रॅम मशरूम, एक गाजर, एक ढोबळी मिरची, दोन मोठ्या मुठी कोवळा पालक, एक मोठा चमचा मैदा, एक कप चिकनचे कमी मिठाचे स्टॉक, 115 ग्रॅम क्रीम चीज (म्हणजे नेहमीच्या वडीचा अर्धा भाग), एक लहान चमचा डिजों मोहरी (वाटलेल्या मोहरीची फ्रेंच चटणी), अर्धा चमचा सुका थाइम (एक सुगंधी पाला), मिरपूड, चिमूटभर जायफळ आणि शेवटी पिळायला अर्धे लिंबू.

बारा इंची बिडाचा तवा मोठ्या आचेवर चांगला तापवून त्यात चमचाभर तेल घालावे आणि खिमा पाकिटातून काढून थालीपीठ थापावे तसा सबंध तव्यावर पसरून हलकेच दाबावा. वरून मीठ-मिरपूड भुरभुरावी आणि त्यानंतर चार ते पाच मिनिटे त्याला अजिबात हात लावू नये. या पदार्थातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि ढवळण्याची सवय असलेल्या हाताला तीच सर्वांत अवघड जाते. कडा तपकिरी होऊन खरपूस वास सुटला की थालीपीठ चार तुकड्यांत उलटावे, दोन मिनिटांनी कालथ्याने मोडून गुलाबी भाग दिसेनासा होईपर्यंत परतावे आणि स्वच्छ ताटलीत काढून ठेवावे.

त्याच तव्यात मशरूम घालून त्यांचे पाणी आटू द्यावे, मग कांदा आणि गाजर, दोन मिनिटांनी ढोबळी मिरची आणि लसूण. मैदा भुरभुरून मिनिटभर परतावा, म्हणजे त्याचा कच्चटपणा जातो. स्टॉक थोडे थोडे ओतत तळाला धरलेली खरवड कालथ्याने सोडवून घ्यावी, कारण अर्धी चव तिच्यातच असते. आच मंद करून क्रीम चीजचे लहान तुकडे, मोहरी, थाइम आणि जायफळ घालावे. ते विरघळून रस दाटला की खिमा परत घालून तीन-चार मिनिटे हलकी उकळी येऊ द्यावी. पालक अगदी शेवटी आणि लिंबू गॅस बंद केल्यावर. चिरण्यासह सगळे अर्ध्या तासात होते.

आपण हा खिमा कसा करता, आणि मुख्य म्हणजे त्याचा कोरडेपणा कसा टाळता, हे वाचायला मला आवडेल.

सांजवेळ (न्यू जर्सी)

अतिशय उपयुक्त धागा. मी गेल्या आठवड्यातच असा प्रयत्न केला होता, पण क्रीम चीजऐवजी घरात असलेले सावर क्रीम घातले आणि लगेच लिंबूही पिळले. रस फुटला आणि सगळ्यावर पांढरे कण दिसू लागले. चव वाईट नव्हती, पण मुलांनी ताटल्या बाजूला सारल्या. नेमके कुठे चुकले असेल?

दुधावरची_साय (टोरांटो)

सांजवेळ, आम्लता आणि उष्णता एकत्र आली की दुधातले प्रथिन गोळा होते, जसे आपण पनीर करताना मुद्दाम घडवून आणतो. त्याला अडवणाऱ्या गोष्टी दोन : स्निग्धांश आणि पिठातला स्टार्च. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे हेवी क्रीममध्ये किमान 36 टक्के, क्रीम चीजमध्ये किमान 33 टक्के आणि सावर क्रीममध्ये किमान 18 टक्के दुधाचा स्निग्धांश असावा लागतो, तर हाफ अँड हाफमध्ये (दूध आणि क्रीम यांच्या मिश्रणात) तो साडेदहा ते अठरा टक्क्यांच्या दरम्यान असतो. हेवी क्रीम खळखळून उकळले तरी सहसा फुटत नाही. सावर क्रीम मुळातच आंबट आणि त्यात स्निग्धांश कमी, म्हणून उकळत्या तव्यात ते टिकत नाही, आणि वरून लिंबू पडल्यावर तर उरलासुरला आधारही जातो.

तुम्हाला सावर क्रीमच वापरायचे असेल तर गॅस बंद करावा, तव्यातला दोन डाव गरम रस एका वाडग्यात घेऊन त्यात ते एकजीव करावे आणि मग हे मिश्रण तव्यात ओतावे. लिंबाची गरज त्या दिवशी राहत नाही. दही वापरायचे झाल्यास आपल्या आजीची युक्ती जशीच्या तशी चालते : कढीसाठी ताकाला बेसन लावतो तसे घट्ट दह्याला चमचाभर मैदा किंवा बेसन लावून घुसळून घ्यावे. बेसनाची चव मात्र या पदार्थात थोडी पुढे येते, म्हणून मी मैदाच घेते.

कोथिंबीर_जुडी (ऑस्टिन)

बिडाचा_तवा, आपली कृती वाचून मला एक प्रश्न पडला. आमच्याकडे बिडाचा तवा नाही, नॉनस्टिक आहे, आणि त्यावर मोठी आच ठेवू नये असे सांगतात. मग खरवड कशी धरणार?

बिडाचा_तवा

नॉनस्टिकवर खरवड जवळजवळ धरतच नाही आणि तो रिकामा मोठ्या आचेवर ठेवूही नये, हे खरे आहे. स्टीलचा जाड बुडाचा पसरट तवा असेल तर तो या कामाला उत्तम. तोही नसेल तर मध्यम आचेवर खिमा दोन भागांत करावा, म्हणजे तव्यात गर्दी होत नाही. गर्दी झाली की सुटलेले पाणी वाफ होऊन निघून जायच्या आत साचते, आणि पाणी आहे तोवर तव्याचे तापमान 100 अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही. खमंग तपकिरी रंग धरायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. चिरलेल्या बटाट्याची भाजी लहान कढईत खच्चून भरली की ती परतली न जाता उकडते, तसेच हे आहे.

खरवडीची उणीव भरून काढायला मशरूम चांगले लाल परतावेत आणि स्टॉकबरोबर एक लहान चमचा सोया सॉस घालावा. मग मीठ मात्र बेताने.

शेगडी_आणि_पाटा (सिअॅटल)

मी एक भर घालतो. पौंडभर खिम्यावर पाव लहान चमचा खाण्याचा सोडा चमचाभर पाण्यात विरघळवून शिंपडावा, हलक्या हाताने मिसळावा आणि पंधरा मिनिटे तसेच ठेवावे. सोडा अल्कधर्मी असल्यामुळे मांसातली प्रथिने शिजताना एकमेकांना फार घट्ट आवळत नाहीत, पाणी आत राहते आणि रंगही लवकर धरतो. पाव चमच्याच्या वर जाऊ नये, नाही तर साबणासारखी चव येते. ही पंधरा मिनिटे वाया जात नाहीत, तेवढ्यात भाज्या चिरून होतात.

दुसरे, मीठ घालून खिमा कणकेसारखा मळू नये. मीठ आणि मळणे एकत्र आले की मांसातली प्रथिने एकमेकांना चिकटतात आणि कबाबासाठी हवी असते तशी वीण तयार होते. कबाबाला ती लागतेच, पण इथे खिमा सुटा राहायला हवा.

सांजवेळ

दुधावरची_साय, मनापासून आभार. आणि सोड्याची युक्ती या शनिवारी नक्की करून पाहते.

रानमेवा (शार्लट)

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, म्हणून नम्रपणे मांडते. थाइम आणि जायफळ माझ्या घरी चालत नाही. माझे सासरे कोल्हापूरचे, आता आमच्याबरोबर राहतात, आणि ज्या ताटलीतून मिरचीचा वास येत नाही ती त्यांना आजाऱ्याचे जेवण वाटते. मी खिमा ताटलीत काढल्यावर उरलेल्या तेलात एक मोठा चमचा कांदा-लसूण मसाला घालून तो मंद आचेवर अर्धा मिनिट परतते, म्हणजे त्याचा रंग तेलात उतरतो, आणि मग मशरूम घालते. पुढे क्रीम चीज पडले की तिखटपणा गोल होतो आणि नारिंगी रंगाचा सुंदर दाट रस तयार होतो. मैदा आणि मोहरी मी घालत नाही.

बिडाचा_तवा

रानमेवा, आपल्या सासऱ्यांना जे रुचते ते महत्त्वाचे, आणि मसाला तेलात परतण्याचा आपला क्रम अगदी योग्य आहे. तरीही माझे मत सांगतो. टर्कीला स्वतःची एक सौम्य, किंचित गोडसर चव आहे, आणि जिरे-धणे-लवंगांच्या मसाल्यात ती पूर्णपणे बुडते. तसे असेल तर तो पदार्थ कोणत्याही मांसाचा होऊ शकतो. मला टर्कीची चव ओळखू यावी असे वाटते, म्हणून तिखटाची हौस मी लसणीबरोबर ठेचलेल्या दोन हिरव्या मिरच्यांवर भागवतो.

रानमेवा

आपला मुद्दा समजला, पण पटला नाही. मांसाची चव मसाल्याने बुडते की खुलते, हे मसाला किती आणि केव्हा घातला यावर अवलंबून असते. पौंडाला एकच चमचा मसाला घेतला तर टर्की व्यवस्थित ओळखू येते.

पानवेल (लंडन, मूळची मडगावची)

चर्चेच्या ओघात एक लहानशी भर. टर्की आपल्याकडे अगदीच अनोळखी पक्षी आहे असे नाही. बादशहा जहांगीरच्या आज्ञेवरून मुकर्रब खान गोव्याच्या बंदरातून जे दुर्मिळ जिन्नस घेऊन गेला त्यांत टर्की होती, आणि 1612 च्या सुमारास दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरने तिचे काढलेले चित्र इथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मानेखालच्या लाल-निळ्या कातडीची प्रत्येक सुरकुती त्यात दिसते. उत्तर अमेरिकेतला पक्षी पोर्तुगीजांच्या वाटेने गोव्यात उतरला आणि तिथून आग्र्याला गेला, हे वाचल्यापासून मला या खिम्याविषयी आपुलकी वाटते.

कृतीविषयी सांगायचे तर आमच्या घरी दूध पचत नाही, म्हणून मी क्रीमऐवजी काजूचे वाटण वापरते. मूठभर काजू गरम पाण्यात वीस मिनिटे भिजवून अगदी गंधासारखे बारीक वाटायचे. काजू स्वतःच रस दाट करतात, त्यामुळे मैदा लागत नाही, आणि लिंबू घातले तरी काही फुटत नाही. नारळाचे घट्ट दूधही चालते, पण मग मोहरी आणि थाइम काढून हळद, आले आणि हिरवी मिरची घ्यावी लागते आणि पदार्थाची जातच बदलते.

तिन्हीसांजा (पुणे)

आम्ही पुण्यात आहोत आणि इथे टर्कीचा खिमा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. हीच कृती चिकनच्या खिम्यावर करता येईल का? क्रीम म्हणून अमूलचे फ्रेश क्रीम आहे.

दुधावरची_साय

नक्की करता येईल. दुकानदाराला समोर मांडीचे बिनहाडाचे मांस घेऊन खिमा करायला सांगावे. छातीचा खिमा 99 टक्क्यांच्या टर्कीसारखाच कोरडा होतो. अमूलच्या फ्रेश क्रीममध्ये 25 टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे हेवी क्रीमपेक्षा बराच कमी, त्यामुळे मैदा वगळू नये, क्रीम अगदी शेवटी मंद आचेवर घालावे आणि त्यानंतर खळखळ उकळी आणू नये. मशरूम बटण जातीचे घ्यावेत. भाज्यांत कोवळा दुधीही बारीक चिरून घातला तर उत्तम लागतो, हे मी माहेरी करून पाहिले आहे.

कोरडवाहू (फिनिक्स)

खिमा पूर्ण शिजला हे आपण रंगावरून ठरवता का? माझ्या घरी लहान बाळ आहे, म्हणून मला याची काळजी वाटते.

बिडाचा_तवा

काळजी रास्त आहे, आणि रंगावर पूर्ण विसंबू नये हेच खरे. टर्कीचे मांस कधी कधी पूर्ण शिजूनही गुलाबीसर राहते आणि कधी आधीच पांढरे दिसते. अमेरिकेच्या कृषी खात्याने कोंबडी-टर्कीच्या खिम्यासाठी 165 अंश फॅरनहाइट, म्हणजे 74 अंश सेल्सिअस हे तापमान सांगितले आहे. सुट्या खिम्यात तापमापक नीट टोचता येत नाही, म्हणून खिमा परत घालून उकळल्यावर तो तव्याच्या एका बाजूला ढीग करून गोळा करावा आणि तापमापकाचे टोक आडवे आत खुपसावे. ओबडधोबड खिमा असेल तर दोन-तीन जागी पाहावे.

कच्चा खिमा फ्रीजमध्ये एक-दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये. गोठवलेला असेल तर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खाली ताटली ठेवून सोडावा. घाई असल्यास बंद पिशवीत घालून थंड पाण्यात ठेवावा, अर्ध्या तासाने पाणी बदलावे, म्हणजे पौंडाचे पाकीट तासाभरात सुटते, पण मग ते लगेच शिजवलेच पाहिजे. आणि ज्या कालथ्याने कच्चा खिमा मोडला तो धुतल्याशिवाय शेवटच्या पायरीत वापरू नये.

कोथिंबीर_जुडी

उरलेले दुसऱ्या दिवशी डब्यात देता येते का?

शेगडी_आणि_पाटा

येते. जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत उथळ डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवावे, म्हणजे ते लवकर गार होते. तीन ते चार दिवस चांगले राहते. गरम करताना दोन चमचे दूध घालून मध्यम आचेवर सावकाश हलवावे. मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण आचेवर ठेवल्यास तूप वेगळे सुटते. तयार पदार्थ गोठवू नये, कारण सुटल्यावर क्रीम चीज रवाळ होते आणि ढोबळी मिरची लिबलिबीत पडते. मी एकदम तीन पौंड खिमा परतून, गार करून, पौंडा-पौंडाच्या पिशव्यांत गोठवतो, आणि मग कोणत्याही संध्याकाळी उरलेले काम पंधरा मिनिटांचे राहते.

हिमशिखर (डेन्व्हर)

माझी शेजारीण हाच पदार्थ मशरूम सूपचा डबा ओतून करते आणि तिचा दहा मिनिटांत होतो. तिच्या आईपासून ती पद्धत चालत आली आहे.

बिडाचा_तवा

ती पद्धत इथल्या स्वयंपाकघरांत खोल रुजलेली आहे आणि तिचा मान ठेवायला हवा. कॅम्पबेलचे क्रीम ऑफ मशरूम सूप 1934 साली आले आणि त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या गृहिणींनी ते रसासाठी वापरले. 1971 मध्ये हॅम्बर्गर हेल्पर, म्हणजे खिम्यात मिसळायचे पास्ता आणि मसाल्याचे तयार पाकीट, देशभर पोचले तेव्हा एक पौंड खिमा, एक पाकीट आणि एकच तवा हे समीकरण घराघरांत पक्के झाले. मी ते टाळतो ते मिठामुळे. घरी मैदा आणि स्टॉकचा रस करायला पाचच मिनिटे जास्त लागतात आणि मीठ आपल्या हातात राहते.

सांजवेळ

कळवायला आले आहे. शनिवारी सोडा लावून केले. दुकानात 93 टक्क्यांचे संपले होते, म्हणून 85 टक्क्यांचे आणले, तेल घातलेच नाही आणि परतल्यावर सुटलेल्या चरबीतली दोन चमचे ठेवून बाकी काढून टाकली. थालीपीठासारखे थापल्यामुळे कडा खरोखर कुरकुरीत झाल्या. क्रीम चीज फ्रीजमधून काढून तसेच घातले, त्यामुळे सुरुवातीला गुठळ्या राहिल्या, पण मंद आचेवर हलवत राहिल्यावर विरघळल्या. थोरल्याने दोनदा वाढून घेतले. आम्ही भाताबरोबर खाल्ले. आपण कशाबरोबर खाता?

बिडाचा_तवा

फार आनंद झाला. क्रीम चीज खिमा परतायला घेतानाच बाहेर काढून ठेवले तर गुठळ्या होत नाहीत.

मुले असतील त्या दिवशी आम्ही रुंद एग नूडल्स उकडतो. मला स्वतःला मात्र याबरोबर इथला वाइल्ड राइस, म्हणजे तळ्यांत वाढणाऱ्या एका गवताचे दाणे, आवडतो. इथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक त्याला मनूमिन म्हणतात आणि आजही होडीतून तळ्यांवर जाऊन काठ्यांनी त्याचे दाणे झाडून घेतात. त्याचा धुरकट, शेंगदाण्याच्या टरफलासारखा वास क्रीमच्या रसाला फार शोभतो. शिजायला पाऊण तास ते एक तास लागतो, त्यामुळे अर्ध्या तासाच्या हिशेबात तो बसत नाही. म्हणून रविवारी एकदमच दोन कप शिजवून ठेवतो आणि बुधवारी खिमा तव्यात परत घालताना त्यातलाच वाटीभर तिथे मिसळतो. तसे केल्यास स्टॉक पाव कप जास्त घ्यावे, कारण तो रस बराच शोषून घेतो.